लाल प्लेटची कबुली

रामटेके मॅडमची आणि माझी पहिली भेट भंडाऱ्याच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत झाली. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा काही वर्षं लोटली होती. मॅडम यीस्टच्या पेशी वाढवत होत्या.

"पाव फुगवणारं यीस्ट?" मी विचारलं.

"तेच. फक्त आम्ही त्याला एक काम जास्तीचं शिकवलंय."

स्त्री-हार्मोन ओळखणारा माणसाचा जनुक त्या पेशींत घातलेला होता. पाण्यात हार्मोनसारखं रसायन असलं की प्लेटमधलं पिवळं द्रावण लाल होई. मूर्ख प्रश्नही मॅडम आदराने ऐकत, म्हणूनच मी त्यांचा विद्यार्थी म्हणून तिथे टिकलो.

सिहोऱ्याजवळच्या तलावाचे नमुने आणायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. काचेच्या बाटल्या मोटारसायकलवर फुटतील, म्हणून मी शहाण्याने थंड पेयाच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्यांत पाणी भरलं आणि दिवसभर उन्हात हिंडवलं. प्लेट लालभडक! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मॅडमना विचारण्याआधीच मी तलावावर जाऊन पाण्यात रसायन असल्याची बातमी फोडली. त्या आठवड्याच्या बाजारात ढिवरांच्या मासळीला गिऱ्हाईकच मिळालं नाही. मासेमार संस्थेच्या शेवंताबाई कॉलेजात आल्या.

"मासे कोनी घेऊन नाही राहिले, मॅडम. आमी खावाचं काय?"

मॅडमनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि माझ्या बाटल्या मागवल्या. तशाच बाटलीत शुद्ध पाणी भरून उन्हात ठेवलं, तपासलं, तेही लाल. मग त्यांनी स्वतः तलावात उतरून काचेच्या बाटल्यांत नमुने घेतले. प्लेट पिवळीच राहिली. रसायन प्लास्टिकातून आलं होतं. मी शरमेने मेलो.

पुढच्या बाजारात बाटलीतल्या शुद्ध पाण्याची लाल आणि तलावाची पिवळी अशा दोन्ही प्लेटा घेऊन मॅडम मासळीच्या ओळीत उभ्या राहिल्या.

"तलावात हे रसायन नाही सापडलं. बाटली खराब होती. चूक माह्या प्रयोगशाळेची हाय."

मॅडम मूळच्या याच भागातल्या नाकाडोंगरीच्या. आपल्याच बोलीतली ही कबुली लोकांना पटली. दुपारपर्यंत शेवंताबाईंची टोपली रिकामी झाली.

परतताना मी विचारलं, "मॅडम, माझं नाव काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर तू पुन्हा त्या तलावावर गेला असतास काय?"

आज मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन दर हंगामात तिथे जातो. शेवंताबाई मला नावाने हाक मारतात. साठी पूर्ण करणाऱ्या आमच्या मॅडमना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. या जिल्ह्यात तलाव पुष्कळ आहेत, आणि माझ्यासारखे उतावळेही.