उतरणाऱ्यानं थांबायचं

काल घाट उतरताना ब्रेक लायनर तापल्याचा वास आला आणि शहागडचं सायबर कॅफे आठवलं. बारावीचा क्लास बुडवून मी तिथं राजा-सैन्याच्या लढाईचा गेम खेळायचो. त्या दिवशी नकाशा डोंगरांचा होता आणि एकाच अरुंद खिंडीत माझ्या मालाच्या गाड्या उतरत होत्या, हत्ती चढत होते; सगळं जाम झालं होतं. तेवढ्यात मागून कुणाच्या तरी कपड्यांचा हाच वास आला. महिन्यानं ट्रक घेऊन परतलेले वडील मला शोधत आले होते. आता कानाखाली बसणार म्हणून मी मान आत घेतली, पण ते पडद्याकडंच बघत राहिले. "गाड्या थांबव पहिले," ते म्हणाले, "उतरणाऱ्यानं थांबायचं. चढणारा थांबला की मंग उठत न्हाई." मी गाड्या मागं घेतल्या, हत्ती बराबर वर गेले. "तुम्हाला कसं ठाऊक?" मी विचारलं. "मंग महिना-महिना कुठं राह्यतो मी?" गोदावरीकाठच्या सपाटीवर वाढलेल्या मी तोवर घाट पाहिलाच नव्हता. काल मी कार कडेला घेऊन थांबलो. चढणारा ट्रक घरघरत गेला, ड्रायव्हरनं माझ्याकडं न बघताच हात वर केला. मीही केला, आणि ट्रक वळणाआड गेला तरी हात खाली घ्यायचं सुचलं नाही.