खळकाकांची हिरवी पुस्तकं

खळकाकांना हे नाव का पडलं, ते त्यांच्या शेजारी दोन मिनिटं बसलं की कळतं. चाळीस वर्षं छापखान्यात पुस्तकं बांधली, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी बोटांना लागलेला पुस्तकं चिकटवायच्या खळीचा वास काही जात नाही. काकू म्हणतात, "हे पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मला माणसाआधी खळच भेटली."

वस्तीतल्या सभागृहामागच्या खोलीत दर रविवारी सकाळी या दोघांचा कारखाना चालतो. शाळांनी टाकून दिलेली पाठ्यपुस्तकं पोत्यांनी येतात. कुणाची पाठ मोडलेली, कुणाचं निम्मं अंग गायब. अशी दोन-तीन जायबंदी पुस्तकं उसवून काका त्यांतून एक धडधाकट पुस्तक उभं करतात, शिवतात, कडा कापून सारख्या करतात आणि वर हिरवं कापड चढवतात. मग ज्यांना नवी पुस्तकं परवडत नाहीत, त्यांच्या घरोघरी काकू ती पोचवतात. वर्ष संपलं की पुस्तक परत येतं आणि पुढच्या मुलाकडे जातं.

काकांचे नियम दोनच. एकही पान कमी असता कामा नये आणि आधीच्या मुलाचं नाव कुठे दिसता कामा नये. नावाचं पान काढून ते नवं कोरं पान लावतात. "जुनं मिळालं म्हणून पोरानं मान खाली घालून बसायचं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हे नियम काही हवेतून आले नाहीत. लहानपणी काकांच्या वाट्याला आलेल्या पुस्तकाला पहिली वीस पानंच नव्हती, आणि आत दुसऱ्याच मुलाचं नाव ठळक अक्षरांत होतं. तो एक वर्ष पुढे. रोज मधल्या सुट्टीत येऊन विचारायचा, "काय रे, माझं पुस्तक नीट वापरतोस ना?" अख्खा वर्ग खो-खो हसायचा. चौदाव्या वर्षी काका शाळेला रामराम ठोकून छापखान्यात लागले. पुस्तकात काय असतं ते शिकायचं राहिलं, पण पुस्तक कसं बांधतात त्यात त्यांचा हात धरणारा कुणी निघाला नाही. तेव्हा हा माणूस गणितात पार कच्चा आहे, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

आता वकीलबाई. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात काम करणाऱ्या बाईची ही मुलगी. हिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस वस्तीत सापडायचा नाही. रविवारी कागद दुमडायला यायची आणि काकांचं डोकं खायची. शिवण मधूनच का? खळ गारच का? काका वैतागल्यासारखं करायचे आणि सगळं सांगायचे. त्या वर्षी शाळेतल्या बाईंनी तिला शहरातल्या मोठ्या निवासी शाळेच्या परीक्षेला बसवलं. राहणं, शिकणं सगळं मोफत, पण जागा एकच. वस्तीतून तिथवर आजपर्यंत कुणी पोचलं नव्हतं. आणि वकीलबाईचं गणिताचं पुस्तक काकांनी बांधलेलं.

परीक्षेला दहा दिवस उरले असताना काकांच्या हाती पोत्याच्या तळातून या पुस्तकासाठी उसवलेल्या एका जुन्या प्रतीचा उरलेला तुकडा आला. त्यावर छपाईचं साल होतं. साल जुनं, म्हणजे अभ्यासक्रमही जुना. काकांनी शेजारी नवी प्रत उघडली. पानं एक्याऐंशी ते शहाण्णव. नव्या प्रतीत पानोपानी वर्तुळं, जुन्यात एकही नाही. गणित येत नसलं तरी वर्तुळ कुणालाही ओळखू येतं. वकीलबाईच्या पुस्तकात त्यांनी जुना फर्मा, म्हणजे एकत्र दुमडलेल्या सोळा पानांचा जुडगा, शिवला होता. पानांचे आकडे ओळीनं लागले, म्हणून त्यांचं बोट बिनधास्त पुढे सरकलं होतं.

"अगं, मी त्या पोरीचं वाटोळं केलं," काकांनी तो तुकडा काकूंपुढे धरला.

"रडगाणं नंतर गा," काकू म्हणाल्या, "आधी तिला गाठा."

नव्या प्रतीतला छापील फर्मा उसवून पिशवीत घालून, अंगावरच्या खळीच्या डागांसकट, काका धुलाईखान्यात पोचले. चादरींच्या गठ्ठ्यांना टेकून वकीलबाई अभ्यास करत होती. काकांनी एका दमात सगळं कबूल केलं.

"मला माहितीये, काका."

"कधीपासून?"

"शाळा सुरू झाली त्याच महिन्यापासून." तिनं दप्तरातून कागद काढले. शेजारणीच्या पुस्तकातून रोज मधल्या सुट्टीत उतरवलेला अख्खा धडा होता तो. वर्तुळं बाटलीच्या झाकणानं काढलेली. चार कागद मधोमध दुमडून एकात एक घातलेले, पानं बरोबर सोळा. "शिवणीला जागा सोडलीय. बोटभर पुरते ना?"

काकांना हुंदका आला, तो त्यांनी खोकल्यावर निभावून नेला. "अगं, एरवी शब्दाशब्दाला भांडतेस, मग इतके महिने गप्प का?"

"तुम्ही धास्ती घेऊन सगळी पुस्तकं परत मागवली असती. मग धाकट्यांनी वाचलं काय असतं? परीक्षा झाली की सांगणारच होते."

काकांनी पिशवीतला छापील फर्मा पुढे केला. ती म्हणाली, "माझाच घाला. त्यात कुठे काय आहे ते मला पाठ आहे." दुसऱ्या दिवशी काकांनी तो शिवला. आयुष्यात हजारो पुस्तकं बांधली, पण इतक्या अभिमानानं सुई कधी ओढली नव्हती. त्यानंतरच्या रविवारी सगळी हिरवी पुस्तकं सालासकट तपासली गेली. बाकीची ठीक निघाली.

वकीलबाईला जागा मिळाली. काकांनी ही बातमी एकेकाला तीन-तीनदा सांगितली. काकू म्हणाल्या, "परीक्षेला हेच बसले होते जणू." पण चौथ्यांदा काकूंनी स्वतःच सांगितली.

जायच्या आदल्या दिवशी वकीलबाई नियमाप्रमाणे पुस्तक परत देऊन गेली. ते आता खालच्या वर्गातल्या दोन वेण्यांच्या मुलीला मिळायचं होतं. ती रविवारी सकाळीच दारात हजर.

"थांब जरा," काकांनी सुरी उचलली. "नावाचं पान काढतो, हातानं लिहिलेली पानं काढून छापील घालतो. नवं कोरं करून देतो."

पोरीनं पुस्तक झडप घालून छातीशी धरलं. "अजिबात नको! ताई शिकली तेच पाहिजे मला. तिचं नाव काढलंत तर वर्गात कुणाला पटेल?"

काकूंनी शिवण थांबवली. मग काकांनी सुरी खाली ठेवली, खिशातलं पेन काढलं आणि वकीलबाईच्या नावाचं पान त्या पोरीपुढे उघडलं.

"याच्याखाली तुझं लिही," काका म्हणाले. "आणि बारीक अक्षरात लिही. खाली पुष्कळांची नावं यायची आहेत."