भुकेची सवय

"ही दुष्काळी भागातली आहे बरं का. माण तालुक्यातली. बघा, दुष्काळ कसा मानवलाय हिला!"

वैनीसाहेब असं म्हणाल्या आन् जेवायला बसलेली समदी माणसं हसली. मी बासुंदीचं पातेलं धरून उभी व्हते. एक पाव्हणा तर घास तोंडात तसाच ठेवून माझ्याकडं वरनं खाली बघत व्हता. मीबी हसले. न्हाई हसले तर काय करायचं, ते ठाव नव्हतं. मंग मी त्याच्या वाटीत बासुंदी वाढली.

सांगलीत हळदीच्या व्यापाऱ्याचा बंगला, वैनीसाहेब त्याची बायको. तिथं मी स्वयंपाकाला व्हते. नवरा कुपवाडला कारखान्यात. तिथंच आमची भाड्याची खोली. माहेर दहिवडीच्या पल्याड, मेंढरावालं. बाप अर्धं वरीस मेंढरं घेऊन नदीकाठच्या मुलखात फिरायचा. लहानपणी माझ्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा व्हत्या.

अंग आलं ते सांगलीत. त्या बंगल्यात.

"टाकवत नाही गं, तू घेऊन जा," वैनीसाहेब म्हणायच्या. कालचा शिरा. गार पुऱ्या. पोरांनी अर्धा टाकलेला केक. कडक झालेली जिलबी. मी दुपारी ओट्याखाली बसून खायचे, उरलं तर घरी न्यायचे. ज्या घरात भाकरीचा पापुद्रासुदीक वाटून खाल्ला, त्या घरातली पोरगी अन्न टाकंल व्हय? त्यास्नी नको असायचं ते माझ्या अंगावर साठत गेलं.

आन् गरिबाची बाई जाड असली की लोकं तिला चोर समजत्यात. तुपाच्या बरणीवर वैनीसाहेबांची नजर असायची. बोलायच्या न्हाईत. पण झाकण उघडून बघायच्या, माझ्याम्होरंच.

बासुंदीच्या दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, "उरलेलं मला देऊ नका आता."

"का गं? आवडत नाही?"

"न्हाई."

मागनं सायबास्नी सांगताना ऐकलं. "माज आलाय."

माज नव्हता. राग व्हता. त्या रागावरच मी बारीक झाले. बस सोडली, कुपवाडपास्नं चालत यायला लागले. दुपारी घरनं आणलेली भाकरी आन् मटकीची उसळ. लोकांच्या पोळ्यांना तूप लावायचं आन् आपल्या हाताला लागलेलं पुसून टाकायचं. चाटायचं न्हाई. दीड वर्षात ब्लाऊज दोनदा आत घेतलं. गावाला गेले तर आई दारातच थबकली. "दुखणं हाय का गं तुला काय?" आमच्या मुलखात बाई वाळली की दोनच कारणं. दुखणं, न्हाईतर सासरचा जाच.

वैनीसाहेबांचंबी वजन व्हतं. त्या पुण्याच्या डॉक्टरकडं जायच्या. त्यास्नी सूप, उकडलेल्या भाज्या, मोजून बदाम, समदं मीच करून द्यायचे. वजन उतरायचं. परत चढायचं. एकदा मी भांडी लावत व्हते तर त्या फ्रीजला टेकून उभ्या, तोंडात पेढा, डोळ्यांत पाणी. "तुझं कसं टिकतं गं?" म्हणाल्या. मला वाईट वाटलं त्यांचं. खरंच वाटलं. मी सांगायला तोंड उघडलं, पण फोन वाजला आन् त्या निघून गेल्या.

मी काय सांगणार व्हते? की टिकत न्हाई. रोज टिकवायला लागतं.

पयलं वरीस अवघड, मंग अंगाला सवय हुती, असं समदी सांगायची. मी त्या सवयीची वाट बघत बसले. दर दिवाळीला वाटायचं, आता फुडलं वरीस सोपं. काय काय सोपं झालंबी. बिनसाखरेचा चहा गोड लागाय लागला. एक दिवस चालले न्हाई तर पायच गप बसंना. पण नाक कुठं गप बसतंय? दिवसभर दुसऱ्याच्या घरची फोडणी, दुसऱ्याच्या घरचा रवा भाजायचा. एक लग्नसराई, एक आजारपण, आन् अंग परत भरायला बघायचं. मेंढरू सांजंला कळपाच्या वाड्याकडं वढ घेतं, तसं अंग जुन्या मापाकडं वढ घेतंय. त्याला रोज वळवायचं. रविवार न्हाई, सण न्हाई. मी दमले व्हते. आजबी दमलेलीच हाय.

मंग एका संक्रांतीला बंगल्यात हळदीकुंकू व्हतं. मी गुळाच्या पोळ्या करत व्हते, तर वैनीसाहेबांनी बाहेर बोलावलं. हॉल बायांनी भरलेला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ही बघा. ओळखलंत का? आधी दारातनं आडवी यायची. जरा वळून दाखव गं सगळ्यांना."

एक बाई म्हणाली, "इतकी वर्षं टिकवलंय म्हणजे आता सोपं जात असेल ना?"

मला विचारलं व्हतं. उत्तर वैनीसाहेबांनी दिलं.

"अहो, या लोकांना उपाशी राहायची सवयच असते. आपल्याला कुठलं जमायला! वळ ना गं."

माझ्या डोळ्याम्होरं बाप आला. मेंढरामागनं सांजंला यायचा तवा भुकेनं त्याचे हात कापायचे. ज्या दिवशी भाकरी कमी, त्या दिवशी आमाला मार जास्त. मंग रात्री तोच आमच्या पाठीवरनं हात फिरवायचा. भूक कशी असती ते मला शिकवायला नको.

"मी वळणार न्हाई," मी म्हणाले.

खांद्यावरचा हात निघाला.

"आन् सवय काय हुत न्हाई, वैनीसाहेब. माझ्या बापाला उभ्या जन्मात झाली न्हाई. मला रोज भूक लागती. आत्ताबी लागलीया. ती लागती तरी मी खात न्हाई, ह्याला सवय म्हणत न्हाईत."

एक बाई हातातल्या तिळगुळाकडं बघत बसली. वैनीसाहेब हसल्यासारखं करून म्हणाल्या, "बरं बरं. पोळ्या करपतील, जा."

पोळ्या करपल्या न्हाईत. समद्या करून दिल्या, ओटा पुसला आन् घरी गेले. दुसऱ्या दिवशी फाटकावरच डायव्हरनं सांगितलं, "तुमाला येऊ नका म्हणून निरोप हाय."

आता मी कुपवाडला कामगारांच्या मेसमधी हाय. मोठी पातेली, मोठा जाळ. जागा बदलली आन् अंगानं दावा साधला. दंडात ब्लाऊज काचतंय. परत सुरू केलंय. पयल्यासारखंच.

मेसमधी सारिका भाजी चिरती. तरणी पोर, अंगानं जड. परवा कांदा चिरता चिरता तिनं विचारलं, "मावशी, फुडं फुडं सोपं जातं का वं?"

इतक्या वर्षांत पयल्यांदा कुणी विचारून माझ्या तोंडाकडं बघत थांबलं व्हतं.

"थोडं जातं," मी म्हणाले. "लय न्हाई. राग असला तर सुरवात हुती. पण राग जन्मभर पुरत न्हाई बग. कुणी हसलं म्हणून करू नगंस. तुझं गुडघं, तुझा दम, तुला वाटलं तर कर. न्हाई वाटलं तर नगं करू."

तेवढ्यात मेसचा मालक आत आला. सारिकाकडं बघून म्हणाला, "हिला आधी वाढू नका रं, बाकीचे उपाशी राहतील."

दोघं-तिघं हसली. सारिकाबी हसली. मी पळी खाली ठेवली.

"तिच्या अंगावर बोलायचं न्हाई," मी म्हणाले. "कामावर बोला."

तो बघतच राहिला. मीबी नजर खाली घातली न्हाई. हे काम ऱ्हाईल का जाईल, मला ठाव न्हाई. मी बारीक राहीन का परत फुगंन, तेबी ठाव न्हाई. पण कुणाच्याबी अंगाला कुणी हसलं आन् मी तिथं असले, तर मी बोलणार. माझ्या अंगाला हसलं तर बोलणारच.