डावखुऱ्यांचा ग्लोव्ह

सोलापूरच्या आमच्या शाळेत सॉफ्टबॉलचे ग्लोव्ह मोजून नऊच होते आणि सगळे डाव्या हातात घालायचे. डाव बदलला की ते समोरच्या संघासाठी मैदानातच ठेवून यायचं. मी डावखुरी. चेंडू झेलायचे, ग्लोव्ह झटकून खाली पाडायचे आणि मग त्याच हाताने फेकायचे. तेवढ्यात समोरची पोरगी पुढच्या बेसवर पोचलेली असायची. सर ओरडायचे, "तुझा हातच उलटा हाय की!"

यंदा अमेरिकेला मुलाकडे गेले. त्याची मीटिंग होती म्हणून त्याने मला बेसबॉलच्या इतिहासाच्या संग्रहालयात सोडलं. तिथे एका काचेआड उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह होता, माझ्या जन्माच्याही आधीचा. म्हणजे असे ग्लोव्ह तेव्हाही होते! मी उजवा पंजा काचेवर ठेवला. संताप आला, पण सांगणार कुणाला? आजूबाजूचे लोक आपापल्या पोराबाळांना बोट दाखवून काहीबाही सांगत होते.

गाडीत मुलाने विचारलं, "कंटाळलीस ना गं आई? तुला यातलं काय कळणार म्हणा."

मी शाळेच्या संघात होते, हे त्याला ठाऊकच नाही.

"न्हाय रे, वेळ गेला की," मी म्हटलं.