हजार मीटरच्या वरचं 'तू'

माझा भाऊ गेबहार्ट स्वभावाने सोनं आहे, पण हट्टी इतका की रस्त्यात डोंगर आला तर डोंगरानेच बाजूला व्हावं असं त्याला वाटतं. त्याने जन्मभर आमच्या रोपवेवर काम केलं. वरच्या टोकाला पाळणा आला की थांबवायचा, माणसं उतरवायची, पाळणा सोडायचा. लग्न केलं नाही. पहाटे गाईंच्या धारा, मग रोपवे, संध्याकाळी पुन्हा गाई. मात्र बर्फ पडून गेला की दुपारच्या सुट्टीत तो मागच्या उतारावर जाणार म्हणजे जाणार. तिथे बर्फ दाबणारं यंत्र जात नाही, मांडीभर भुसभुशीत पडलेला असतो, आणि जो पहिला उतरेल त्याचीच रेघ उमटते.

वडिलांचं स्कीचं दुकान मी चालवते. रुंद स्की बाजारात आल्या तेव्हा गावातली तरणी पोरं त्यांच्यावर तुटून पडली, कारण भुसभुशीत बर्फात त्या बुडत नाहीत, वर तरंगतात. गेबहार्टला त्यांचा भारी राग. खानावळीत बसून तो त्यांना होड्या म्हणायचा. "तरंगायचंच असेल तर तळ्यावर जा की, डोंगरावर कशाला आलास?" असं प्रत्येकाला ऐकवायचा. सगळे हसत. त्या होड्या विकून पोट भरणारी मी, पण मीही हसायचे. स्वतः तो तीन बोटं रुंदीच्या लांबलचक जुन्या स्कीवरून उतरे, आणि सुरेख उतरे, हे कबूल करायला हवं.

आता हेडविगबाईंबद्दल सांगते. औषधांचं दुकान त्यांचं. आमच्याकडे औषधशास्त्र शिकलेल्यांना माजिस्टर म्हणतात, म्हणून गावाला त्या माजिस्टरबाई. शहरातून लग्न होऊन आल्या, आणि चाळिशीतच नवरा गेला. त्या हिवाळ्यात एके दुपारी दुकान बंद करून त्या एकट्याच स्की घेऊन वर गेल्या आणि डोंगराच्या धारेवर उभ्या राहून मागच्या उताराकडे बघत राहिल्या. खाली गावात त्यांना नुसता नमस्कार करताना कानापर्यंत लाल होणारा माझा भाऊ त्यांच्याजवळ गेला आणि म्हणाला, "माझ्या रेघेतून ये. मी तुझ्यासाठी थांबत थांबत जातो."

हे धाडस नव्हतं, रीत होती. हजार मीटरच्या वर आमच्याकडे कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही. खाली न्यायाधीश असो नाहीतर बिशप, वर सगळे 'तू'. पण गाव आहे सातशेवर, तेव्हा खाली ज्याचा मान त्याला द्यावाच लागतो. रोपवेच्या ज्या खांबाशी हजार मीटर भरतात त्यावर लाल पट्टा रंगवलेला आहे. वर जाताना तो मागे पडला की शिकलीसवरली माणसं मोकळी होतात, आणि उतरताना तोच आला की घसा खाकरून पुन्हा 'तुम्ही'वर येतात.

तेव्हापासून बर्फ पडला की ही दोघं मागचा उतार उतरत. वर काय बोलत, देव जाणे. माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला दोन पेले चढल्यावर गेबहार्टने एवढंच सांगितलं, की ती त्याला 'गेबी' म्हणते. आमच्या आईनेसुद्धा त्याला कधी गेबी म्हटलं नव्हतं. मी पदार्थ वाढायचे सोडून स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

खाली मात्र तेच, आडनावाने. "फोनियरसाहेब, हे तुमचं मलम." "आभारी आहे, माजिस्टरबाई." ह्याला ना खरचटलेलं, ना मुरगळलेलं. झेंडूच्या मलमाच्या इतक्या डब्या साठल्या की गाईंच्या आचळांना लावूनही संपेनात. आधी बाईंची सासू होती, दुकानाच्या वरच्या मजल्यावर, कान टवकारून बसलेली. पण ती गेली तरी ह्यांचं आपलं 'साहेब' आणि 'बाई' चालूच. मला ह्या दोघांचा संताप यायचा. एकदा मी त्याला म्हटलंही, की बाबा रे, बोलून टाक एकदाचं. तर म्हणाला, काय बोलू, सगळं वर बोलून होतं.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या लाडक्या स्कीची टोकं बर्फात बुडाली आणि तो उलटा होऊन आपटला. खुब्याचं हाड मोडलं. बाईंनी त्याला हातांनी उकरून बाहेर काढलं, माणसं येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. पाळण्यातून खाली आणताना सबंध वेळ गेबी, डोळे मिटू नकोस, गेबी, माझ्याकडे बघ, असं चाललं होतं म्हणे. मग तो लाल पट्ट्याचा खांब आला, आणि त्याचा हात हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "फोनियरसाहेब, फार दुखतंय का तुम्हाला?" स्ट्रेचर धरलेल्या माणसाने हे मला सांगितलं तेव्हा तो हसत होता. मला काही हसू आलं नाही.

खुबा नवा बसवला. डॉक्टरांनी सांगितलं, स्की खुशाल कर, पण बुडालेली स्की उपसून काढायची ताकद त्या पायात आता येणार नाही. म्हणजे मागच्या उतारावर जायचं तर रुंद स्की घ्यायच्या, नाहीतर यंत्राने दाबलेल्या पुढच्या उतारावर समाधान मानायचं. पुढच्या उतारावर निम्मं गाव आणि सगळे पाहुणे. तिथे गेबी म्हणायला कोण धजणार? पण गेबहार्टने पुढचा उतार निवडला. ज्यांना आयुष्यभर होड्या म्हटलं त्यांच्यावर चढून खानावळीसमोरून जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. बाईंना त्याने शेजाऱ्याकरवी निरोप धाडला, की ह्या वर्षी माझी वाट बघू नका.

पहिला मोठा बर्फ पडला त्या सकाळी तो दुकानात आला. पुढच्या उतारासाठी हलक्या, अरुंद स्की हव्या होत्या. मी मुद्दाम रुंद जोड्या काढून भिंतीला लावल्या आणि त्याला समजावलं, की ह्यांची टोकं वर वळलेली आहेत, बुडणार नाहीत, पायाला ओढ बसणार नाही, तुझ्यासारख्यासाठीच केल्यात. तो ऐकून घेत होता आणि हाताने अरुंद जोडी चाचपत होता. शेजारच्या दोघीजणी मुलांचे बूट बदलायला आल्या होत्या, त्यांच्यासमोर तो मुळीच नमणार नव्हता.

तेवढ्यात हेडविगबाई आल्या, स्कीच्या कडांना धार लावून घ्यायला. त्यांनी त्याच्या हातातली जोडी बघितली.

"फोनियरसाहेब, ह्या घेताय तुम्ही?"

"हो, माजिस्टरबाई. आता आपला पुढचा उतारच बरा. तुम्हीही एकट्या मागे जाऊ नका. कुणी चांगला सोबती बघा."

 बाईंनी आपल्या स्की माझ्या टेबलावर ठेवल्या. धार किती लावायची ते मी विचारलं, ते त्यांना ऐकूच गेलं नाही. मग एकदम वळून त्याला म्हणाल्या, "तू माझ्याबरोबर वर आला नाहीस, तर मी 'तू' कुणाला म्हणू?"

शेजारणींपैकी एकीच्या हातातला बूट खाली पडला. दुकान सातशे मीटरवर आहे, गावाच्या भर चौकात. बाईंना आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. चेहरा पांढरा पडला. "माफ करा, फोनियरसाहेब. चूक झाली," एवढं कसंबसं म्हणून त्या दाराकडे निघाल्या. स्की टेबलावर तशाच.

मी गेबहार्टकडे बघितलं. तो हातातल्या अरुंद जोडीकडे बघत होता. मला वाटलं, हे माझं ध्यान आता काही बोलायचं नाही, बाई बाहेर पडतील, पुन्हा मलमाच्या डब्या सुरू होतील आणि ह्या वेळी त्यांना वरचा आधारही उरणार नाही.  त्याने ती जोडी भिंतीला टेकवली.

"आग्नेस, तुझ्याकडे सगळ्यांत रुंद कुठल्या आहेत?" त्याने मला विचारलं.

बाईंचा हात दाराच्या मुठीवर होता.

"थांब, हेडविग," तो म्हणाला. 'थांबा' नाही. कान लाल झाले होते, पण आवाज खणखणीत होता. "कुठल्या घेऊ ते तू सांग. माझ्या मागून तूच येणार आहेस."

त्या तिथेच उभ्या राहून रडल्या, शेजारणींसमोर, रुमालही न काढता. मग परत आल्या. मी त्याला म्हटलं, सगळ्यांत रुंद नकोत, कडक बर्फावर नव्या खुब्याला जड जातील, त्यांच्याहून एक माप कमी घे. त्याने बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली. "आग्नेस म्हणते त्याच घे, गेबी," त्या म्हणाल्या, आणि मी त्याच्या बुटांचं माप घ्यायला खाली बसले.