पायपाच्या तोंडाला लुगडं

माजी किती लुगडी मुठा नदीत गेली, इचारू नका. पुरात न्हाई वाहिली, आमच्या मालकांनीच नेली.

मालक धायरीला उपसा संस्थेच्या पंपावर कामाला. नदीचं पाणी पायपानं माळावरच्या हौदात चढवायचं, तिथनं शेतांना सोडायचं. पहिल्याच साली पाऊस ओसरल्यावर त्यांनी हौदात बघितलं, तर माशांची बारीक पिल्लं चिरडून वर आलेली अन् काठावर बगळ्यांची पंगत बसलेली. त्या दिवशी जेवले न्हाईत. दुसऱ्या दिवशी माजं जुनं लुगडं नदीतल्या पायपाच्या तोंडाला गुंडाळून आले. म्हटलं, "अवं, सोता मासे खाता की!" तर म्हणे, "मोठे खातो. पोरं न्हाई खात." घ्या!

लुगड्यात गाळ बसायचा, पाणी कमी चढायचं. मग रोज पंप बंद करून, कमरेएवढ्या पाण्यात उतरून ते धुवायचं. संस्थेचे दिगंबरराव वरडायचे, "मच्छिंद्र, ऊस वाळतोय! तुझ्या पिल्लांचं काय लोणचं घालू?" मालक ऐकून घ्यायचे अन् परत पाण्यात. अशानं गुडघे गेले, छाती भरली. मी तर बोलून बोलून दमले.

यंदा त्यांनी अंथरूण धरलं. पंपावर नवा माणूस आला, त्यानं लुगडं काढून फेकलं. हे मालकांना कोण सांगणार? ते आपले रोज सांजच्याला इचारायचे, "सोजर, हौदावर बगळे हायत का गं?" बगळे नसले म्हंजी पिल्लं वाचली, एवढंच त्यांना ठावं.

मी "उद्या बघते" म्हणून टाळायचे. एकदा खरंच जाऊन बघितलं. रांगच्या रांग बसलेली, मेले पोट फुटंस्तवर खात व्हते. घरी येऊन म्हटलं, "एक बी न्हाई." मालकांनी हुश्श केलं अन् किती दिसांनी भाकरी मागून घेतली. माजं ताट मातर मी झाकून ठिवलं.

सकाळी पेटी उघडली. लेकीनं दिवाळीला घेतलेलं सुती लुगडं व्हतं, घडीसुदिक मोडली नव्हती. काखेत मारलं अन् नदीवर गेले. नव्या माणसानं हटकलं, "आजी, पाणी कमी चढंल. बोलणी मला बसतील."

"मग बंद कर जरा. रोज धुवायला मी येते."

त्यानं कपाळाला हात लावला, पण पंप बंद केला. मी पाण्यात उतरले. माजे तरी गुडघे कुठं धड हायत! पण करणार काय? मालकांशी खोटं बोलून बसले, आता ते खरं करायला नको?