टिकलीएवढा डाग

अंथुर्ण्याच्या सारजाच्या कपाळाला आधी नुसती खाज सुटली. मग टिकलीखालची कातडी लाल झाली, सोलली, आणि एका सकाळी आरशात बघते तर बरोबर टिकलीच्या मापाचा पांढरा डाग.

बारामतीच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. हे कोड नाही, टिकलीच्या डिंकाची ॲलर्जी आहे. टिकली बंद करा, कुंकूही वर्षभर नको, रंग परत येईल. उपाय सोपा होता. फक्त डॉक्टरीणबाईंना अंथुर्ण्यात नांदायचं नव्हतं.

घरी सासूनं, द्वारकाबाईनं, डॉक्टरीणबाईंचा कागद न बघताच निकाल दिला. "माझा ल्योक जित्ता हाय. मोकळं कपाळ घिऊन माझ्या घरात फिरायचं न्हाय." रामहरी, म्हणजे तोच जिता ल्योक, भाकरी मोडत बसला होता. तो मोडतच राहिला.

मग सारजानं डाग झाकायला मोठी टिकली आणली. डाग तिच्याबाहेर आला, तशी आणखी मोठी. या वयात नटायची हौस आलीय, म्हणून बायका हसायच्या. ती मनावर घ्यायची नाही. तिचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता, प्राचीच्या लग्नात. लेकीचं एकदा जमू दे, मग कपाळाचं काय व्हायचं ते होवो.

पहिले पाहुणे आले ते भर उन्हाळ्यात. निघताना मुलाच्या आत्यानं सारजाला कुंकू लावायला हात पुढं केला आणि घामानं सुटलेली रुपयाएवढी टिकली तिच्या बोटाला चिकटून आली. आत्याबाईंनी डाग पाहिला, बोट पदराला पुसलं. त्या घरात कोड आहे, ही बातमी संध्याकाळच्या आत आसपासच्या चार गावांत पोचली.

आणि ज्या लेकीसाठी हा सगळा आटापिटा, ती काय बोलली? "आई, पुढल्या खेपंला तू समोर येऊ नगं." सारजा म्हणाली, व्हय.

तिची रवानगी मळ्यात, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत झाली. तिथं बघायला कुणी नव्हतं, म्हणून तिनं टिकली काढून टाकली. डागाच्या कडेनं रंग भरत आला, वर्षभरात कपाळ स्वच्छ झालं. आता घरी नेतील, म्हणून ती खुळी वाट बघत बसली. रामहरी आला तो डाळजचं स्थळ पक्कं करूनच. आई आहे म्हटलं की लोक दाखवा म्हणतात. "पोरीला आई न्हाय म्हनून सांगितलंय," तो म्हणाला. लग्नाला तिनं लांबची मावशी म्हणून यायचं.

कन्यादान चुलता-चुलतीनं केलं. गावानं तोंड मिटून ठेवलं. सारजा पंगतीत वाढत होती. ऐन लग्नात पुन्हा डाग उठायला नको, म्हणून तिनं कपाळाला काहीच लावलं नव्हतं. विहीणबाई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन एकेक बाई करत तिच्यापर्यंत आल्या. कुंकवात बोट बुडवलं, तिच्या मोकळ्या कपाळाकडं पाहिलं आणि पुढच्या बाईकडं वळल्या.

दोन हातांवर रामहरी फेटा बांधून उभा होता. शेजारच्या पाटावर नवरी जेवत होती. तिनंही पाहिलं.

"मावशी," प्राची म्हणाली, "हितली जिलबी संपलीय."